गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार नेमका कोणाला?

विदर्भवाहक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या मालकीचे एक छोटे मालवाहू वाहन आहे, त्याची नोंदणी नागपूरच्या एमएच ४९ मालिकेतील आहे आणि ते मी स्वतःच चालवतो. कळमना बाजारातून धान्य आणि किराणा उचलून हिंगणा व बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या उपाहारगृहांना पोहोचवणे हा माझा व्यवसाय आहे. गाडीला आठ वर्षे पूर्ण झाल्यामुळे तिची पासिंग (फिटनेस तपासणी) आता दरवर्षी करावी लागते आणि ती मी मुदतीच्या आत करून घेतो. त्यामुळे हा प्रश्न दंड कसा चुकवावा यासाठी विचारलेला नाही, हे आधीच नमूद करतो.

गेल्या काही महिन्यांत फिटनेसचे प्रमाणपत्र माझ्याकडे निरनिराळ्या लोकांनी मागितले. शहरातील एका चौकात वाहतूक पोलिसांनी मागितले, अमरावती मार्गावर वाडीच्या पुढे परिवहन विभागाच्या पथकाने मागितले. एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने तर मूळ प्रमाणपत्र स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून घेतले आणि माल उतरवून झाल्यावरच ते परत केले. याहून विचित्र प्रसंग रिंग रोडवर घडला. साध्या कपड्यांतील दोघांनी मोटारसायकल आडवी घालून सर्व कागद दाखवण्यास फर्मावले, परंतु आपण कोण आणि कोणत्या खात्याचे, हे मात्र विचारूनही सांगितले नाही. मी कागद दाखवले नाहीत. थोडा वेळ वाद घालून ते निघून गेले.

जाणकारांना माझी विनंती आहे की, वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे हे सिद्ध करणारे कागद मागण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला आहे, मूळ कागद जवळ बाळगणे आवश्यक आहे की मोबाइलमधील पुरेसे आहेत, आणि पाहण्यासाठी घेतलेला कागद कोणी स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो का, याविषयी कलमांच्या आधारे मार्गदर्शन करावे. «अमुक हुद्द्याच्या खालच्या पोलिसाला कागद दाखवूच नका» अशा आशयाचे संदेश मला नेहमी येतात, पण त्यांवर विसंबून रस्त्यात वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

आपण वादात न पडता आधी विचारणा केली, हे योग्य केले. आपल्या प्रश्नात चार वेगळे अधिकार एकमेकांत मिसळले आहेत: कागद पाहण्याचा, प्रत्यक्ष वाहन तपासण्याचा, जागेवर दंड आकारून प्रकरण मिटवण्याचा आणि कागद किंवा वाहन ताब्यात घेण्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये हे चारही अधिकार एकाच व्यक्तीला सरसकट दिलेले नाहीत. रस्त्यावरचे बहुतेक वाद यांपैकी एक अधिकार असलेल्या माणसाला उरलेले तीनही आहेत असे समजल्यामुळे, किंवा एक नाही म्हणून कोणताच नाही असे समजल्यामुळे होतात.

प्रथम कागद पाहण्याविषयी. कलम १३० च्या पोटकलम (१) नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास आपले लायसन्स दाखवले पाहिजे. येथे उल्लेख केवळ लायसन्सचा आहे. विमा, आणि व्यावसायिक वाहन असल्यास फिटनेस प्रमाणपत्र व परमिट, यांचा उल्लेख पोटकलम (३) मध्ये येतो आणि तेथे मागणी करणारा म्हणून नोंदणी प्राधिकारी अथवा मोटार वाहन विभागाचा त्यासाठी अधिकृत केलेला अधिकारी सांगितला आहे. एवढेच वाचून कोणी थांबला, तर पोलिसांना फिटनेस मागण्याचा अधिकारच नाही असे त्याला वाटेल, आणि आपल्याला येणारे संदेश लिहिणारे बहुधा येथेच थांबतात. कलम १५८ मात्र सांगते की, राज्य शासनाने त्यासाठी अधिकृत केलेल्या गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने विमा प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र (आरसी), पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र), लायसन्स आणि व्यावसायिक वाहनाच्या बाबतीत कलम ५६ खालील फिटनेस प्रमाणपत्र व परमिट हजर केले पाहिजे. त्याखेरीज केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३९ मध्ये गणवेशातील कोणताही पोलीस अधिकारी किंवा राज्य शासनाने अधिकृत केलेला अन्य अधिकारी, अशी आणखी व्यापक शब्दयोजना आहे आणि त्यात फिटनेसचा स्पष्ट उल्लेख आहे.

अधिनियमात «अधिकृत केलेला» आणि नियमात «कोणताही» असे असल्याने नियम अधिनियमाच्या पलीकडे जातो का, हा प्रश्न एखाद्या वकिलाने न्यायालयात जरूर उपस्थित करावा. माझ्या मते मात्र ज्याचे कागद व्यवस्थित आहेत त्याने तो चौकात उपस्थित करण्यात काही लाभ नाही. चौकातील गणवेशधारी वाहतूक पोलीस आणि वाडीजवळचे परिवहन पथक, या दोघांनाही आपण फिटनेस दाखवणे हेच कायद्याला धरून आहे. महामार्ग पोलीसही यातच येतात.

कारखान्याचा सुरक्षारक्षक या अधिनियमाखाली कोणीच नाही. कारखान्याची जागा खासगी असल्याने कागद पाहिल्याशिवाय आत सोडणार नाही, अशी अट मालक घालू शकतो आणि ती आपण करारात मान्य केली असेल तर पाळावीही लागेल. परंतु ती अट केवळ प्रवेशापुरती राहते. शासकीय प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा अधिकार तिच्यातून निर्माण होत नाही. साध्या कपड्यांतील त्या दोघांना कागद न दाखवण्याचा आपला निर्णय योग्यच होता, कारण पोलिसांच्या बाबतीत गणवेश ही कायद्यानेच घातलेली अट आहे.

---

वाडीचा_बुकिंगवाला

मी वाडी येथे एका मालवाहतूक कार्यालयात बुकिंगचे काम पाहतो, त्यामुळे कलमांविषयी वकीलसाहेबांनी लिहिले त्यात मी भर घालत नाही. कागद जवळ कसे बाळगावेत एवढेच सांगतो.

मूळ कागद गाडीत ठेवण्याची सवय आता सोडावी, असे आम्ही सर्व चालकांना सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की, डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या शासकीय ॲपमधील लायसन्स, आरसी वगैरे कागद माहिती तंत्रज्ञान अधिनियमानुसार मूळ कागदांच्या बरोबरीचे मानावेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम १३९ मध्येच दुरुस्ती होऊन कागद प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतील असे शब्द आले. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अधिकाऱ्याने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कागदाची खातरजमा केली असेल, तर त्याने तोच कागद प्रत्यक्ष स्वरूपात मागू नये. येथे एक गोष्ट चालक मंडळी नेहमी विसरतात. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ ही त्या ॲपमधील नोंदीच्या तोडीची नाही. अधिकाऱ्याने फोटो नाकारला, तर त्याला दोष देता येत नाही.

याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, जी मला सर्वांत उपयोगाची वाटते. कागद तपासल्याची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवली जावी, म्हणजे त्याच गाडीला पुढच्या नाक्यावर विनाकारण पुन्हा थांबवले जाणार नाही, असा तिचा हेतू आहे. मे महिन्याच्या उन्हात भरलेली गाडी पारडीला एकदा आणि कापशीला पुन्हा थांबते, तेव्हा या तरतुदीची आठवण आम्हाला फार येते. तपासणी झाल्यावर नोंद करण्याची विनंती चालकाने नम्रपणे करावी; त्यासाठी आवाज चढवण्याची गरज नसते.

फाटकाच्या बाबतीत आमची पद्धत अशी आहे की, प्रत्येक गाडीच्या फिटनेस, विमा, परमिट आणि पीयूसीच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती कारखान्याच्या वाहतूक विभागाला आधीच दिलेल्या असतात आणि मुदत संपताच नवी प्रत पोहोचवली जाते. मूळ कागद फाटकावर द्यायचाच नाही. रक्षक बिचारा त्याला सांगितलेले काम करत असतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा वाहतूक विभागातील माणसाशी एकदा बोलून घ्यावे.

रिंग रोडवरील ते दोघे बहुधा फायनान्सच्या वसुलीवाले असावेत, असा माझा अंदाज आहे. हप्ता थकलेल्या गाड्यांच्या शोधात ते क्रमांक पाहत फिरतात आणि चुकीची गाडीही थांबवतात. त्यांना फिटनेस काय, लायसन्ससुद्धा मागण्याचा अधिकार नाही. गाडी बाजूला घ्यावी, काचा वर कराव्यात आणि ११२ ला फोन करावा.

जीएसटीचे पथक रस्त्यात थांबवते, तो प्रकार मात्र निराळा आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ६८ खाली त्या खात्याचा अधिकारी गाडी थांबवून बीजक आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा इलेक्ट्रॉनिक कागद) मागू शकतो आणि माल तपासू शकतो. त्याचा संबंध मालाशी असतो, गाडीच्या पासिंगशी नसतो.

---

मानकापूरकर

वरील दोन्ही उत्तरे वाचली, तरी माझी एक शंका कायम आहे. शिपाई हुद्द्याच्या पोलिसाला कागद तपासण्याचा अधिकार नाही, त्यासाठी किमान सहायक उपनिरीक्षक लागतो, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. माझ्या स्वतःच्या कारच्या बाबतीत एका चौकात शिपायाने गाडीची चावी काढून घेतली आणि फिटनेस दाखवा असे सांगितले. गाडी खासगी आणि सहा वर्षे जुनी आहे. मला तर असा कागद कधीच मिळालेला नाही, मग मी काय दाखवायला हवे होते?

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

खासगी कारपासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. कलम ५६ हे केवळ व्यावसायिक, म्हणजे कायद्याच्या भाषेत परिवहन वाहनांना लागू आहे. खासगी कार किंवा दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्या मुदतीत वेगळे फिटनेस प्रमाणपत्र नसते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना वाहनाची तपासणी होते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होत राहते. आपल्या आरसीवर छापलेली वैधतेची तारीख दाखवणे एवढेच आपले काम होते. याउलट प्रश्नकर्त्यांच्या गाडीसारख्या वाहनास आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर एकेका वर्षासाठी प्रमाणपत्र मिळते. अगदी नव्या, पूर्ण बांधणीच्या व्यावसायिक वाहनाला नोंदणीपासून पहिली दोन वर्षे ते असल्याचेच मानले जाते.

आता हुद्द्याविषयी. कागद पाहण्यासंबंधीच्या ज्या तरतुदी मी वर सांगितल्या, त्यांत गणवेशाची अट आहे, पण उपनिरीक्षक किंवा सहायक उपनिरीक्षक असा किमान हुद्दा लिहिलेला नाही. हुद्द्याचा प्रश्न येतो तो दंड आकारून प्रकरण मिटवण्याच्या वेळी. कलम २०० नुसार असा तडजोडीचा दंड राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवलेले अधिकारीच घेऊ शकतात. म्हणून शिपायाने कागद पाहिला तर त्याने अधिकार ओलांडला असे होत नाही. दंडाची पावती अथवा ई-चलान न देता त्याने रक्कम घेतली, तर मात्र हुद्दा कोणताही असला तरी ते बेकायदा आहे. लोक नेमके उलटे वागतात. कागद दाखवताना हुद्दा विचारतात आणि पैसे देताना पावतीही मागत नाहीत.

चावी काढून घेण्याचा अधिकार देणारे कलम या अधिनियमात नाही. वाहन ताब्यात घेण्यासाठी कलम २०७ आहे आणि त्याला कारणे ठरलेली आहेत. लायसन्स किंवा नोंदणीशिवाय वाहन चालवणे, परमिट नसणे अथवा परमिटच्या मार्ग, क्षेत्र किंवा प्रयोजनाविषयीच्या अटी मोडणे, अशा प्रकरणी पोलीस अधिकारी किंवा राज्य शासनाने अधिकृत केलेली व्यक्ती वाहन अडकवून ठेवू शकते.

येथे मालवाहू वाहनाच्या मालकांनी विशेष लक्ष द्यावे. फिटनेस संपणे हे या यादीत थेट लिहिलेले दिसत नाही, म्हणून अनेकांना त्यासाठी गाडी अडकवली जाणार नाही असे वाटते. परंतु कलम ५६ सांगते की, वैध फिटनेस प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन कलम ३९ च्या, म्हणजे नोंदणी सक्तीची करणाऱ्या कलमाच्या, प्रयोजनासाठी वैधरीत्या नोंदलेले आहे असे मानले जाणार नाही. म्हणजे पासिंग संपली की आरसी हातात असूनही गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीविना ठरते. मग कलम २०७ लागू होते आणि कलम १९२ खालील शिक्षाही लागू होते. पहिल्या वेळी किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यानंतरच्या वेळी किमान ५,००० आणि कमाल १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रमाणपत्र अस्तित्वात आहे पण त्या क्षणी जवळ नाही, ही स्थिती याहून अगदी वेगळी आहे. तेथे मागणीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत साक्षांकित प्रत सादर करण्याची किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची सोय कलम १३० मध्येच दिलेली आहे.

कागद ठेवून घेण्याविषयी प्रश्नकर्त्यांनी विचारले होते. कलम २०६ नुसार दाखवलेला कागद किंवा वाहनावरील क्रमांक बनावट आहे असे मानण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकारी अथवा अधिकृत व्यक्ती तो जप्त करू शकते. कलम २०७ मध्येही काही प्रकरणी वाहनाऐवजी आरसी ताब्यात घेऊन तशी पोच देण्याची तरतूद आहे. केवळ खात्री करायची म्हणून, पोच न देता, मूळ कागद दिवसभर स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार मात्र पोलिसांनाही नाही आणि परिवहन अधिकाऱ्यांनाही नाही.

---

पालक_प्रतिनिधी

विषय मालवाहू गाडीचा असला, तरी विद्यार्थी वाहतुकीच्या संदर्भात एक भर घालावीशी वाटते. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्कूल बससंबंधी स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. या समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो, तसेच त्या भागातील पोलीस अधिकारी आणि मोटार वाहन निरीक्षकही असतात. आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी, चालकाचे लायसन्स आणि प्रथमोपचार पेटी यांची पडताळणी करणे हे समितीचे काम आहे. आमच्या मुलांच्या शाळेत मी या समितीवर आहे. सुरुवातीला एका व्हॅनचालक भाऊंनी मला विचारले होते की, तुम्ही आरटीओचे आहात का. त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना दंड करू शकत नाही आणि गाडीही अडकवू शकत नाही, मात्र पासिंग संपलेल्या व्हॅनमध्ये मुले बसवू नयेत असे शाळेला सांगू शकतो आणि परिवहन कार्यालयाला कळवू शकतो.

खरे तर फिटनेसची मुदत पाहण्यासाठी आम्हाला चालकाकडे जावेही लागत नाही. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की ती तारीख दिसते. समितीच्या बैठकीआधी आम्ही सर्व व्हॅनचे क्रमांक तेथे पाहून घेतो आणि तफावत आढळली तरच कागद मागतो. यामुळे चालकांशी होणारी कटुता बरीच कमी झाली आहे.

---

विदर्भवाहक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाडीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे डिजिलॉकरमध्ये कागद जोडून घेतले. कारखान्याच्या वाहतूक विभागाशीही बोललो. त्यांनी स्वाक्षरीची प्रत चालेल असे मान्य केले, फक्त तिच्यासोबत पीयूसीचीही प्रत हवी, अशी पुरवणी जोडली.

आता उरलेली शंका अशी. माझ्याकडे वैध फिटनेस आहे, पण एखाद्या निरीक्षकाने रस्त्यात गाडी पाहून टायर झिजले आहेत किंवा मागचा दिवा बंद आहे असे म्हटले, तर प्रमाणपत्र दाखवून माझी सुटका होईल का? प्रमाणपत्र त्यांच्याच विभागाने दिलेले असते, मग रस्त्यावरचा निरीक्षक ते रद्द करू शकतो का?

---

वाडीचा_बुकिंगवाला

सुटका होत नाही. प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवशी गाडी कशी होती याचा दाखला असते. पासिंगच्या दिवशी उसने टायर लावून नेणारे आणि संध्याकाळी ते काढून ठेवणारे लोक आपल्या व्यवसायात आहेत, हे आपण सर्वजण जाणतो, आणि त्यांच्यामुळेच रस्त्यावरची तपासणी कडक होते. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागल्यानंतर परिवहन विभागाने तेथे गाड्यांचे टायर तपासण्यास सुरुवात केली, तेव्हा वैध कागद असलेल्या गाड्यांचेही टायर पाहिले जात होते. आपल्या मालवाहू गाडीचा मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी हे रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहेत, तेव्हा यात वाद घालू नये असे मला मनापासून वाटते.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

वरील उत्तर बरोबर आहे. त्याला कायद्याची जोड देतो. दोष माहीत असताना किंवा साध्या काळजीने लक्षात येण्यासारखा असताना गाडी रस्त्यावर आणली आणि ती त्या दोषामुळे लोकांना धोकादायक ठरणारी असेल, तर कलम १९० लागू होते. तेथे फिटनेस प्रमाणपत्र असणे हा बचाव ठरत नाही. प्रत्यक्ष वाहनाची तांत्रिक तपासणी मात्र मोटार वाहन विभागाच्या निरीक्षकाचे क्षेत्र आहे. वाहतूक पोलिसाला उघड दिसणारा दोष, जसे फुटलेला दिवा, नोंदवता येतो. ब्रेकची कार्यक्षमता ठरवणे हे त्याचे काम नाही.

प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार कलम ५६ च्या पोटकलम (४) मध्ये विहित प्राधिकाऱ्याला आहे, आणि त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. वाहनमालकांच्या हिताच्या दोन गोष्टी त्यात आहेत. रद्द करणाऱ्याकडे विहित तांत्रिक अर्हता असली पाहिजे, अथवा ती असलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल त्याच्यापुढे असला पाहिजे. शिवाय, मालकाने निवडलेल्या अधिकृत चाचणी केंद्राने त्या कारणांना दुजोरा दिला पाहिजे. केंद्राने दुजोरा दिला तर चाचणीचा खर्च मालकाने सोसायचा, अन्यथा तो प्राधिकाऱ्यावर पडतो. म्हणजे रस्त्यात उभ्या उभ्या तोंडी सांगून कोणी आपले प्रमाणपत्र रद्द करू शकत नाही.

अपघात झाला असेल तर कलम १३६ पाहावे. राज्य शासनाने अधिकृत केलेली व्यक्ती, मागणी झाल्यास आपले अधिकारपत्र दाखवून, वाहनाची तपासणी करू शकते आणि त्यासाठी ते अन्यत्र हलवू शकते. ते कोठे नेले हे मालकाला कळवले पाहिजे आणि सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांच्या आत परत दिले पाहिजे. प्रत्यक्षात या मुदतीची आठवण मालकानेच लेखी अर्ज देऊन करून द्यावी लागते, असा माझा अनुभव आहे. गाडी ठाण्याच्या आवारात आठवडाभर उभी राहिल्यावर माझ्याकडे येणारे मालक हा अर्ज पहिल्याच दिवशी देत नाहीत.

---

मानकापूरकर

वकीलसाहेब, शिपायाच्या हुद्द्याविषयीचे आपले स्पष्टीकरण पटले. एकच विचारतो. पीयूसी वैध असताना धूर जास्त दिसतो म्हणून पुन्हा चाचणी करायला लावता येते का, आणि तेथेही हुद्द्याचा प्रश्न येत नाही का?

---

वकील_सिव्हिल_लाइन्स

तेथे मात्र येतो. पीयूसी कागद म्हणून पाहण्याला नियम १३९ पुरेसा आहे. परंतु वैध पीयूसी असतानाही नव्याने चाचणी करण्याचा आदेश द्यायचा असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११६ लागू होतो. त्यानुसार किमान पोलीस उपनिरीक्षक अथवा मोटार वाहन निरीक्षक या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच, वाहन मानकांनुसार नाही असे मानण्यास कारण असल्यास, तसा आदेश देता येतो आणि तो लेखीच असावा लागतो. चाचणी कोणत्याही अधिकृत केंद्रावर करून त्याचे प्रमाणपत्र आदेशात दिलेल्या पत्त्यावर सात दिवसांत सादर करायचे असते. केंद्र कोणते निवडायचे हे आपल्यावर आहे. अधिकाऱ्याने एकाच विशिष्ट केंद्राचे नाव सांगून तेथेच जाण्याचा आग्रह धरला, तर तो आदेशात लिहून देण्याची विनंती करावी.